शिक्षकांना एकदा खाजनाच्या बांधावर न्या : पर्यावरण-प्रशिक्षणाचे आराखडे ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील शिक्षक-प्रशिक्षणाचे आराखडे, विषयपत्रिका आणि वेळापत्रके ठरवणारे सर्व अधिकारी, तसेच अध्यापक विद्यालयांतील प्राध्यापक यांस

विषय : प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांचे पर्यावरण-शिक्षणविषयक प्रशिक्षण

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांतून ३३ वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. त्यांतील पहिली बरीच वर्षे सत्तरीत, डोंगराच्या कुशीतल्या दोन शिक्षकी शाळेत गेली आणि शेवटची तिसवाडीत, जिथे शाळेच्या पायरीवरून खाजन, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, दिसते अशा गावात. येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रशिक्षणाचे आराखडे आपल्या टेबलावर आले असतील किंवा लवकरच येतील, या अंदाजाने हे पत्र लिहीत आहे. त्या आराखड्यांत 'पर्यावरण' हा शब्द असेलच. तो नसलेला आराखडा मी नोकरीच्या उत्तरार्धात पाहिलेला नाही. त्या शब्दाखाली शिक्षकाकडून नेमके काय करवून घेतले जाते, याविषयी मला बोलायचे आहे.

नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी तिसरीच्या चाचणीत पावसाळी रानभाज्यांची नावे विचारली होती. एका मुलीने तायकिळो, कुडुक, लूत, किल्ल आणि तेरें अशी पाच नावे लिहिली. ही नावे मला अगदीच परकी होती असे नाही, त्यांतली काही माझ्याही घरी चालत. पण उत्तरपत्रिकेत टाकळा, कुर्डू, अळू अशी पुस्तकातलीच नावे यायला हवीत, असा माझा पक्का समज होता आणि तो मी प्रशिक्षणातूनच घेऊन आले होते. मी पाचही नावांवर तांबड्या शाईने फुल्या मारल्या. दोन दिवसांनी तिची आई पाणी भरायला जाताना शाळेच्या दारात थांबली आणि रागावून नव्हे, नवल वाटून म्हणाली, "बाई, ती भाजी तेंच काडून हाडटा." (ती भाजी तीच काढून आणते.) लुतीची भाजी खाजू नये म्हणून तिच्यात भिरंडाची सोले घालावी लागतात, कुडुक कोवळा असतानाच खुडायचा, किल्ल काढताना बेटातला कुठला कोंब राखायचा, हे सगळे त्या आठ वर्षांच्या मुलीला येत होते. परिसर अभ्यासाचे पुस्तक तिला जे शिकवू पाहत होते त्याच्या ती पुढे होती, आणि तिला शून्य गुण देणारी मी रीतसर प्रशिक्षित होते.

ही चूक माझी होती आणि ती मी कोणावर ढकलत नाही. मात्र ती एकटीची नव्हती, हे पुढे अनेक शिक्षकांशी बोलताना कळले. त्यामुळे प्रश्न शिक्षकाच्या हुशारीचा किंवा निष्ठेचा नसून त्याला कशाचा सराव दिला गेला याचा आहे, असे मला वाटते.

कायद्याचा आणि धोरणाचा आधार शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा भाग करण्याचे निर्देश दिले आणि त्यांची अंमलबजावणी होत नाही हे दिसल्यावर २००३ च्या डिसेंबरात निरनिराळ्या इयत्तांसाठी अभ्यासक्रम तयार करण्याचे काम एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संस्थेवर सोपवले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पर्यावरणाचा स्वतंत्र डोंगर उभा न करता तो सर्व विषयांत मुरवावा, अशी भूमिका घेतली. ती भूमिका मला आजही योग्य वाटते. पण लोणच्यात मीठ आपोआप मुरत असले, तरी ते आधी कोणीतरी मोजून घालावे लागते. गणिताच्या शिक्षकाला वाटते की ते काम विज्ञानाच्या शिक्षकाचे, विज्ञानाच्या शिक्षकाला वाटते की ते हरित सेनेच्या प्रभारी शिक्षकाचे, आणि प्रभारी शिक्षक ५ जूनला, पर्यावरणदिनी, रोपे लावून, छायाचित्र पाठवून मोकळा होतो. प्राथमिक शाळेत तर सगळे विषय एकाच माणसाकडे असतात. तिथे मुरवणे सर्वांत सोपे असायला हवे होते.

१९७७ साली जॉर्जियातील तिबिलिसी येथे युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेत पर्यावरण-शिक्षणाची जी उद्दिष्टे मांडली गेली, त्यांत जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि सहभाग अशी पाच अंगे होती. आमच्या वाट्याला आलेल्या बहुतेक प्रशिक्षणांची गाडी पहिल्या अंगावर सुटते आणि दुसऱ्याच्या अर्ध्यावर थांबते. सभागृह, पडद्यावर एकामागून एक पारदर्शिका, ओझोनचा थर, हरितगृह वायू, दुपारचे जेवण, गटचर्चा, प्रमाणपत्र. एका कार्यशाळेत आम्हा चाळीस शिक्षकांना ध्रुवीय अस्वलाचा तक्ता रंगवायला दिला होता. त्या सभागृहाच्या मागेच पाणथळ जागा होती, तिच्यात भर टाकण्याचे काम चालू होते आणि ट्रकचा आवाज येतो म्हणून आयोजकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. मीही त्या वेळी अस्वलच रंगवत होते. खिडकीकडे बोट दाखवण्याचे मला सुचले नाही.

ऑनलाईन अभ्यासक्रमांविषयी थोडेच लिहिते. ते उपयोगाचे नाहीत असे मी म्हणणार नाही, पण स्वयंपाकघरात मासळी साफ करता करता बाजूला चित्रफीत चालू ठेवून मी स्वतः त्यांतले दोन अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत, हे कबूल करायला हवे. प्रमाणपत्र दोन्हींचे मिळाले.

आता खाजनाकडे येते. तिसवाडीत बदली झाली तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. भरती-ओहोटीचा पाठ मी तोवर कितीतरी वेळा शिकवला होता: फळ्यावर पृथ्वी, तिच्या भोवती चंद्र, दोन्ही बाजूंना फुगवटा. नव्या शाळेत एकदा पालकांच्याच सुचवण्यावरून मुलांना मानशीवर घेऊन गेले. मानस म्हणजे बांधातला तो दगडी बांधकामाचा आणि लाकडी दारांचा दरवाजा, हे गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. पण तिचे काम कसे चालते हे किती शिक्षकांनी उभे राहून पाहिले आहे, हा प्रश्न मी आपल्याला विचारू इच्छिते. मानशीची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याने मुलांना विचारले, "दार कोण लावतो?" मुले म्हणाली, "तुम्ही." तो हसला आणि म्हणाला, थांबा. आम्ही थांबलो. भरतीचे पाणी नदीकडून चढू लागले आणि त्या पाण्याच्याच दाबाने दारे आपोआप मिटली. ओहोटी लागली की आतले पाणी दारांना बाहेर ढकलते आणि ती उघडतात. पावसाळ्यात खारे पाणी शेतात येऊ द्यायचे नाही, भातात साचलेले गोडे पाणी बाहेर जाऊ द्यायचे. कापणीनंतर मात्र हिशेबाने खारे पाणी आत घ्यायचे, म्हणजे त्याच्याबरोबर शेवटे, सुंगटे, खेकडे आत येतात आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून धरता येतात. एकाच जमिनीत पावसात कोरगूट भात आणि उन्हाळ्यात मासळी. शेकडो वर्षे चाललेल्या या व्यवस्थेला ना मोटर लागते, ना वीज.

त्या दिवशी एका मुलाने विचारले, "उद्या यायचे तर याच वेळी यायचे का?" मला उत्तर ठाऊक नव्हते. म्हाताऱ्याला होते, पण त्याने सांगितले नाही. मग मुलांनी पंधरा दिवस वही ठेवली. ज्याचे घर बांधाजवळ होते तो भरतीची वेळ लिहून आणी आणि वर्गात आम्ही ती तक्त्यावर मांडत असू. रोज साधारण पन्नास मिनिटांनी वेळ पुढे सरकते, हे चौथीच्या मुलांनी वजाबाकी करून काढले, आणि चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो हे त्यांच्यातल्या एकीने आजीकडून आणले. फळ्यावरचा फुगवटा मी त्यानंतर पुसला नाही, पण तो पाठाच्या शेवटी काढू लागले. या एका मानशीत विज्ञान होते, वेळेची वजाबाकी होती, बांध कोणी राखायचा आणि मासळीचा लिलाव कसा व्हायचा यातून नागरिकशास्त्र होते, गावकरीच्या, म्हणजे गावाने मिळून सामाईक जमीन सांभाळण्याच्या, जुन्या व्यवस्थेचा इतिहास होता. हे मला एकाही प्रशिक्षणात मिळाले नव्हते, कारण एकही प्रशिक्षण बांधावर झाले नव्हते.

खाजनाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट मांडते, कारण घोषवाक्यांवर उभे असलेले प्रशिक्षण नेमके कुठे कोसळते ते तिथे दिसते. 'खारफुटी वाचवा' असे आम्ही भिंतींवर लिहितो आणि ते योग्यच आहे. खारफुटी किनारा धरून ठेवते, मासळीच्या पिलांना आसरा देते, कायद्याने तिला संरक्षण आहे. पण बांध फुटला, वेळेत दुरुस्त झाला नाही आणि खारे पाणी शेतात कायमचे शिरले, की काही वर्षांत त्याच शेतात खारफुटी उगवते. मग ती तोडता येत नाही आणि शेत परत मिळत नाही. अशा घरातला मुलगा वर्गात बसलेला असतो. माझ्या वर्गात तो होता. भिंतीवरचे वाक्य वाचून तो म्हणाला, "बाई, आमचे शेत तिनेच खाल्ले." त्याला काय सांगायचे? खारफुटी शत्रू नाही आणि तुझे वडीलही चुकलेले नाहीत, दोष राखणीविना सोडलेल्या बांधाचा आहे आणि बांध का सोडला गेला ते आपण विचारून काढू, एवढे वाक्य सुचायला मला एक आठवडा लागला. शिक्षकाला हे वाक्य पाठ करून देता येणार नाही. पण असे प्रश्न येणार आहेत आणि त्यांच्यापुढे घाबरून 'पुढचे पान काढा' म्हणायचे नाही, याचा सराव निश्चित देता येईल.

सत्तरीत हा सराव अधिकच लागतो. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्याच्या परिसरात, गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. सगळ्या वर्तमानपत्रांत ती बातमी होती. ज्या शाळांत गुरे राखणाऱ्या कुटुंबांची मुले शिकतात, तिथल्या शिक्षकाने दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'वाघ वाचवा' लिहायचे, की वाघाने मारलेल्या म्हशीची भरपाई कोणाकडे मागायची आणि ती वेळेवर का मिळत नाही, हेही विचारायचे? माझ्या ओळखीच्या तिथल्या एका शिक्षिकेने काहीच लिहिले नाही. तिला भीती वाटली, आणि ती भीती मला समजते. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या आणि आसपासच्या रानांत दिवसेंदिवस वणवे पेटत होते. मुले शाळेत येताना धूर पाहत होती. काजूच्या बागेत पालापाचोळा जाळण्याची रीत, कोरडा वारा, लागलेली आग आणि लावलेली आग, यांतला फरक वर्गात बोलायचा तर समोरच्या बाकावर काजूची बाग असलेल्या घरातले मूल बसलेले असते. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत तर २०१२ साली खाणी बंद झाल्यापासून प्रत्येक घराचे त्या विषयावर वेगळे मत आहे. कोणाच्या वडिलांचा ट्रक तेव्हापासून अंगणात गंजतो आहे, कोणाच्या शेतात खाणीचा गाळ उतरलेला आहे, आणि पुष्कळदा ही दोन्ही मुले एकाच बाकावर असतात. शिक्षकाने कोणाचीही बाजू घेऊ नये, हे मला मान्य आहे. पण बाजू न घेणे आणि विषयच न काढणे या दोन गोष्टी आमच्याकडे एकच समजल्या जातात. विहिरीचे पाणी तपासता येते, आजोबांना त्यांच्या वेळचा ओहोळ कसा होता ते विचारता येते, ट्रकवाल्या बापालाही वर्गात बोलावता येते आणि शेतकऱ्यालाही. असा तास कसा घ्यायचा हे शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला मी प्रवासभत्ता न घेता आले असते.

नावांचा मुद्दा पुन्हा घेते, कारण तो वरवर भाषेचा वाटला तरी मुळात पर्यावरणाचा आहे. आमच्या मराठी शाळांतले बहुतेक मूल घरी कोकणी बोलते, पुस्तक मराठीत वाचते, आणि हल्ली त्याच्या शेजारी उत्तर कर्नाटकातून आलेल्या मजुराचे मूल बसते, ज्याला आपल्या आजोळच्या जोंधळ्याच्या रानातली झाडे ठाऊक असतात. ज्या झाडाला मूल नावाने ओळखते ते झाड पुस्तकात दुसऱ्या नावाने आले, की ते त्याच्यासाठी पुस्तकातले झाड होते. पहिल्याच प्रशिक्षणात शिक्षकाने आपल्या गावातील पन्नास वनस्पतींची आणि पाखरांची नावे, मुलांच्या सर्व भाषांत, गावकऱ्यांकडून गोळा करावीत, एवढे एकच काम दिले तरी मला ते पुरेसे वाटेल. याला नवा निधी लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीच्या जैवविविधता समितीने लोकांकडून माहिती घेऊन नोंदवही करायची आहे. ती नोंदवही शिक्षकाच्या हाती दिली, तर त्या गावापुरते पाठ्यपुस्तक तयारच आहे. ती त्याच्या हाती पडत नाही, एवढाच प्रश्न आहे. मी स्वतः ती वाचायला मागितली तेव्हा, कशाला हवी, असे विचारण्यात आले होते.

चतुर्थीच्या आधीचा आठवडा तर प्रशिक्षणासाठी सोन्यासारखा आहे. गणपतीच्या माथ्यावर बांधायच्या माटोळीसाठी रानात कोण जातो, कांगले, घागऱ्यो, माट्टीची फळे, कवंडळ कुठून आणतो, यंदा कोणती वस्तू मिळाली नाही आणि का मिळाली नाही, हे विचारले की गोव्याच्या रानाची हजेरीच हाती येते. राज्यवृक्ष म्हणून माट्टीचे नाव मुलांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून पाठ असते. तिची पंखांसारख्या कडा असलेली फळे माटोळीत लटकताना त्यांनी पाहिलेली असतात. ही दोन्ही एकच आहेत, हे पुष्कळांना कोणी सांगितलेले नसते. इथेही भाबडेपणा नको. स्पर्धेच्या माटोळीत शेकडो प्रकार दाखवण्याच्या हौसेपायी दुर्मीळ वेली मुळासकट ओरबाडल्या जातात, हेही त्याच तासात यायला हवे, आणि ते मुलेच काढतात. मला काढावे लागले नाही.

पावसाचे गणित हा दुसरा सोपा प्रवेश. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते, एवढे एकच वाक्य शिक्षकाला द्या आणि शाळेचे छप्पर मोजायला सांगा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर ते तीन लाख लिटर झाले. माझ्या शाळेत हा आकडा फळ्यावर आला तेव्हा एप्रिल होता आणि नळाला दोन दिवस पाणी नव्हते. वर्ग इतका शांत झालेला मी क्वचितच पाहिला.

आता व्यवहाराचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. या पन्नासांतले बारा तास पर्यावरणासाठी द्यावेत आणि ते सलग दोन दिवसांत संपवू नयेत, अशी माझी विनंती आहे. तीन-तीन तासांची चार सत्रे वर्षभर विखरावीत: एक जुलैत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुले आणि बेडूक असतात तेव्हा, एक चतुर्थीच्या आधी, एक कापणीनंतर खाजनात, आणि एक मार्चमध्ये, विहिरी खाली जातात आणि रानात आग लागते तेव्हा. सभागृहात भरपावसात 'उन्हाळ्यातील जलसंकट' शिकवण्यापेक्षा हे बरे. दोन सत्रांच्या मधल्या काळात शिक्षकाने आपल्या वर्गात एक तास घ्यावा आणि पुढच्या सत्रात तो कसा फसला ते सांगावे. फसलेलेच सांगावे, असा नियम करावा. यशोगाथांनी आमचा वेळ फार खाल्ला आहे.

सत्र घेणारा माणूस कोण, हेही महत्त्वाचे आहे. राज्य पातळीवर चार जणांना शिकवायचे, त्यांनी तालुक्यातल्या वीस जणांना, त्या विसांनी बाकी सर्वांना, ही रीत आकडेमोडीला ठीक आहे. पण तिसऱ्या पायरीवर शिक्षकाला जे मिळते ते दोनदा उकळलेल्या चहाच्या पुडीसारखे असते. बांधावरचे सत्र मानशीचा राखणदार घेईल, सड्यावरचे गुराखी किंवा एखादी भाजी विकणारी बाई घेईल, आणि त्यांच्या शेजारी विज्ञान जाणणारा एक प्राध्यापक उभा राहील. दोघांना सारखेच मानधन द्यावे. हे शेवटचे वाक्य मी विचार करून लिहिले आहे.

दोन अडचणी अशा आहेत ज्यांच्याविषयी प्रशिक्षणाच्या आराखड्यात कधी ओळ नसते आणि ज्यांच्यावर सगळे अडते. पहिली मनुष्यबळाची. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या भागांतल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळा एक किंवा दोन शिक्षकी आहेत. दोघांतला एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याने चार इयत्ता एकत्र बसवायच्या, आणि एकच असेल तर शाळेला कुलूप. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामे शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने आमच्याकडेच राहिली आहेत, त्यांविषयी तक्रार नाही. पण त्यांत प्रशिक्षणाची भर पडते तेव्हा शिक्षक त्याकडे शिक्षा म्हणून पाहतो. यावर उपाय म्हणून सत्र शाळेच्याच गावात, मुलांसह घ्यावे. शेजारच्या चार-पाच शाळांचे शिक्षक आपापली मुले घेऊन एका ओहोळावर जमले, तर कुठल्याच शाळेला कुलूप लागत नाही आणि शिक्षकाला मुलांसमोर सराव होतो, जो पन्नास प्रौढांच्या गटचर्चेत होत नाही.

दुसरी अडचण भीतीची. मूल पाण्याजवळ घसरले, साप निघाला, गांधीलमाशी चावली, तर जबाबदार कोण? कोणता अधिकारी काय म्हणेल? पालक काय करतील? शिक्षक मुलांना बाहेर नेत नाही याचे कारण बहुधा अज्ञान नसते, हे असते. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरातील परिसर-भेट हा शाळेच्या कामाचाच भाग आहे, तिच्यासाठी दर वेळी वेगळी परवानगी लागत नाही, पालकांची संमती वर्षारंभी एकदाच घ्यावी, असे स्वच्छ मराठीत लिहिलेले एक परिपत्रक निघाले, तर ते दहा कार्यशाळांचे काम करील. त्यासोबत प्रशिक्षणात प्रथमोपचार शिकवावा, सर्पदंश झाल्यावर काय करायचे आणि काय करायचे नाही ते शिकवावे, किती मुलांमागे किती मोठी माणसे हवीत ते ठरवून द्यावे. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी अशा एखाद्या भेटीला स्वतः यावे. तपासणीला म्हणून नव्हे, चालायला.

अध्यापक विद्यालयांतील प्राध्यापकांसाठी एक वेगळा परिच्छेद. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी वीस आठवडे आले. त्यांतला एक आठवडा शाळेच्या भिंतीबाहेर द्यावा. विद्यार्थी-शिक्षकाने एका गावाचे पाणी कुठून येते आणि कचरा कुठे जातो, हे पायी चालून शोधावे आणि त्यावर पाच पाठ करावेत. पाठ-टाचणाच्या सहा रकान्यांत ते बसले नाहीत तर रकाने बदलावेत. मला माझ्या प्रशिक्षणात असा एक आठवडा मिळाला असता, तर त्या पाच रानभाज्यांवर फुल्या पडल्या नसत्या असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण फुली मारण्याआधी मी त्या मुलीला विचारले असते.

या पत्रात मी सांगितलेले सगळे एकदम करावे, अशी माझी अपेक्षा नाही. एका तालुक्यात, दहा शाळांत, एक वर्ष करून पाहावे. तिसवाडीत करायचे ठरले तर मी येईन. माझ्याजवळ मुलांनी भरलेल्या भरतीच्या वेळांच्या तीन वह्या आहेत आणि चार भाषांतल्या झाडा-पाखरांच्या नावांची एक. त्या मी देईन, परत कराव्यात एवढीच अट.

एक सूचना राहिली. खाजनातले सत्र ठेवाल तेव्हा कार्यालयाच्या सोयीची तारीख आधी ठरवून नंतर बांधाकडे पाहू नका. आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहा. सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी लागेल असा दिवस निवडा. त्या वेळी मानशीची दारे मिटलेली असतात आणि बाहेरचे पाणी पुरेसे उतरले की ती डोळ्यांदेखत उघडू लागतात. शिक्षकांना रबरी चपला घालून यायला सांगा, बांध निसरडा असतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तिसवाडी, गोवा